मालकाचं पहिलं वाक्य

क्रशरच्या बेल्टमध्ये माणूस ओढला गेला की खाणमालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘नको म्हटलं होतं, तरी हात घातला.’ जखमी अजून शुद्धीवरही आलेला नसतो. या वाक्याची मला चीड आहे, कारण ते हळहळीतून नव्हे, हिशेबातून येतं. घरच्यांना हे उमगतं तोवर उशीर झालेला असतो. बेल्टच्या टोकाच्या टेल पुलीवर नवी संरक्षक जाळी चकचकीत बोल्टांनी बसलेली दिसते, हजेरीत नाव सापडत नाही आणि मुकादम ओळखही दाखवत नाही.

हात आत का जातो, हे कोणी विचारत नाही. बेल्टखाली खडी सांडते, पुलीपाशी साचते, बेल्ट एका बाजूला सरकू लागतो. बेल्ट थांबवायचा तर मागचा क्रशरही थांबवावा लागतो, आणि दगडाने भरलेला जबडा रिकामा केल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. दिवसाचा हिशेब ब्रासवर असतो. म्हणून चालत्या बेल्टखाली फावडं जातं, ते अडकतं आणि सोडायच्या आत हात ओढला जातो. जबड्यात अडकलेला दगड पहारीने काढायला उतरलेल्या माणसाचंही तेच. पॅनेलपाशी असलेल्याला तो दिसत नाही आणि यंत्र सुरू केलं जातं. ‘जाळी कामगारच काढतात’ हा आक्षेप खरा आहे. पण रोजच्या सफाईसाठी जी काढावीच लागते, ती जाळी चुकीची बनवलेली आहे. लहान खाणीला परवडत नाही, हे तर मला मुळीच पटत नाही. डंपरचा हौदा जोडणारा वेल्डर अँगल आणि तारेची जाळी वापरून योग्य संरक्षक जाळी करू शकतो. जबड्यात उतरणाऱ्याने मेन स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, याला तर खर्चच नाही.

कायदाही मालकाच्या त्या वाक्याला फारशी किंमत देत नाही. 1923च्या नुकसानभरपाई कायद्यानुसार मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर कामगाराने सुरक्षा साधन मुद्दाम काढलं हा बचाव चालत नसे. इतर दुखापतींतही भरपाई नाकारायला कामगाराचा नुसता निष्काळजीपणा पुरत नसे. हेच तत्त्व आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ‘माणूस ठेकेदाराचा होता’ म्हणून मूळ मालकही सुटत नाही. तेव्हा घरच्यांनो, अपघाताच्याच दिवशी उघड्या पुलीचे फोटो काढा आणि पोलीस पंचनाम्यात जाळी नव्हती हे लिहून घ्या. दवाखान्याच्या कागदावर ‘पडून लागलं’ असं लिहू देऊ नका. कुठे, कोणत्या यंत्रावर, काम करताना, हे सगळं यायला हवं. सोबत काम करणाऱ्यांची नावं आणि गावचे पत्ते लगेच टिपा, कारण त्यांना दुसऱ्या खाणीवर हलवलं जातं. आणि अंत्यविधीसाठी म्हणून पैसे पुढे केले तर ते घ्या, पण वकिलाला किंवा युनियनला दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नका.