कालचा हुकूम, आजची मोटार

“साहेब, मी झोपलो होतो. मग मोटार चालू केली कोणी?”

पुण्यातल्या एका प्रोग्रामरला हा फोन भल्या पहाटे आला. पलीकडे नाशिककडचे एक द्राक्ष बागायतदार होते. मोबाईलवरून चालणारा त्यांच्या पंपाचा स्टार्टर या प्रोग्रामरच्याच छोट्या चमूने बनवला होता. विहीर आटलेली, त्यात मोटार रात्रभर कोरडी फिरली आणि वाइंडिंग जळून गेलं.

पासवर्ड फुटला असावा, अशी त्याची पहिली शंका. नोंदी तपासल्या तेव्हा चोर घरातच सापडला. संध्याकाळी ‘चालू’ हा हुकूम स्टार्टरपर्यंत गेला, पण त्याची पोच सर्व्हरला मिळण्याआधी रेंज गेली. बागायतदारांनी नंतर बटण दाबून मोटार बंद केली, जेवले, झोपले. मध्यरात्री रेंज आली आणि सर्व्हरने रांगेत अडकलेला तोच हुकूम इमानेइतबारे पुन्हा धाडला. हुकूम एईएसने कूटबद्ध केलेला होता, त्यावर एचमॅकची मोहोरही होती. स्टार्टरने मोहोर तपासली. ती अस्सल निघाली.

“तिथंच तर आम्ही फसलो,” तो सांगतो. “हुकूम कोणाचा, हे मोहोर सांगते. कधीचा, हे सांगत नाही.”

जे सर्व्हरने नकळत केलं, ते कोणालाही मुद्दाम करता येईल का? त्याने टेबलावर करून पाहिलं. वायरशार्कने एक पॅकेट पकडलं आणि किल्ली नसताना, आतलं अक्षरही न वाचता, जसंच्या तसं परत सोडलं. रिले ‘टक’ वाजला. रिप्ले हल्ला म्हणतात तो हाच.

मोठमोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ साली मांडलेल्या प्रोटोकॉलमध्ये, जुनी सेशन किल्ली हाती लागलेला माणूस जुनाच संदेश पुढे करून ती किल्ली खपवू शकतो, हे डेनिंग आणि सॅको यांनी १९८१ मध्ये दाखवलं. त्यांचा उपाय होता संदेशावर वेळेचा शिक्का मारण्याचा. केर्बेरॉस आजही तोच वापरतं; घड्याळांतला साधारण ५ मिनिटांचा फरक चालवून घेतं आणि त्या अवधीत आलेले संदेश लक्षात ठेवतं.

पण या स्टार्टरच्या घड्याळाला बॅटरी नव्हती. लाइट गेली की ते १९७० सालात जाऊन बसायचं. म्हणून चमूने प्रत्येक हुकुमाला चढता क्रमांक दिला. मागच्यापेक्षा मोठा असेल तरच स्वीकारायचा. पंधरवडा सुखाचा गेला. मग लोडशेडिंग झालं, रॅममधला क्रमांक शून्यावर आला आणि जुने सगळे हुकूम पुन्हा ताजे झाले! वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ मध्ये २०१७ साली मॅथी व्हॅनहूफ यांनी उघड केलेला ‘क्रॅक’ दोष याच जातीचा: हस्तांदोलनातला तिसरा संदेश पुन्हा पाठवला की उपकरण तीच किल्ली नव्याने बसवायचं आणि क्रमांक मागे जायचा.

आता लाइट आली की स्टार्टर आधी सर्व्हरकडे एक यादृच्छिक संख्या पाठवतो. ती संख्या गुंफून मोहोर केलेलाच हुकूम तो मानतो, आणि तिथून क्रमांक नव्याने सुरू होतात. एक फेरी जास्त पडते, एवढंच. मात्र बोर्ड दर वेळी त्याच बीजापासून सुरुवात करत असेल तर ‘यादृच्छिक’ संख्याही तीच ती येते. तेही तपासावं लागलं.

असं काही बनवणाऱ्यांना तो आणखी तीन गोष्टी बजावतो. क्रमांक मोहोरेच्या आत हवा, नाहीतर कोणीही तो बदलेल. पॅकेटं मागेपुढे पोहोचत असतील तर आयपीसेकसारखी सरकती खिडकी ठेवा (तिथे ६४ क्रमांकांची सुचवली आहे), पण मोहोर पटल्याशिवाय खिडकी पुढे सरकवू नका. एरवी एक खोटा प्रचंड क्रमांक खरे संदेश बाहेर ठेवेल. आणि टीएलएस आहे म्हणून गाफील राहू नका. ते एका जोडणीपुरतं राखण करतं. रांगेतून नव्या जोडणीवर आलेला शिळा हुकूम त्याला ओळखू येत नाही. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये वेळ वाचवण्यासाठी पहिल्याच फेरीत पाठवता येणारा मजकूर तर रिप्लेपासून सुरक्षित नाही, हे मानकातच लिहिलंय. त्यातून मोटार चालू करायची नाही.

बागायतदारांची मोटार चमूने स्वखर्चाने भरून दिली. तेव्हाचं पॅकेट प्रोग्रामरने जपून ठेवलंय. नवी आवृत्ती तयार झाली की तो स्टार्टरचा प्लग काढतो, पुन्हा लावतो, ते पॅकेट सोडतो आणि रिलेकडे कान लावून बसतो.