यात्रेस निघण्यापूर्वी : आरोग्याची शिदोरी

श्रींच्या दर्शनास निघालेला भाविक पूजेचे साहित्य आठवणीने घेतो. औषधांची पिशवी मात्र पुष्कळदा घरीच राहते. परक्या गावी अकस्मात प्रकृती बिघडली, तर वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंतचा काळ सोबत्यांनाच सांभाळावा लागतो. तेव्हा काय करावे, हे आधीच ठाऊक असणे हीच खरी तयारी होय.

नवप्रसूत माता व बालक : नवसाने झालेल्या बाळाला घेऊन सव्वा महिना होताच दर्शनास येण्याचा अनेक घरांत प्रघात आहे. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी करावयाची मातेची तपासणी आणि बाळाचे दीड महिन्याचे लसीकरण झाल्यावर, डॉक्टरांना विचारूनच प्रवासाचा दिवस ठरवावा. नवस थोडा उशिरा फेडल्याने भक्तीत उणेपणा येत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळास केवळ मातेचे दूध द्यावे. तीर्थ-प्रसाद मातेने ग्रहण करावा. बाळाच्या मुखी तीर्थ घालू नये. मध तर वर्षाच्या आतील बाळास कदापि चाटवू नये. मातेस अतिरक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी, अंधारी अथवा धाप, तसेच बाळास ताप येणे, अंग गार पडणे वा दूध ओढणे थांबणे, यांपैकी काहीही दिसल्यास दर्शनाची रांग सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे. माता व बाल संरक्षण कार्ड जवळ असावे.

उपवास व औषधे : मधुमेही भाविकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये आणि औषधही स्वतःहून बंद करू नये. घाम, थरथर व गोंधळलेपणा जाणवल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल तर साखर द्यावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी किंवा तीर्थही घालू नये. श्वास चालू असल्यास तिला कुशीवर वळवावे.

छातीतील वेदना : पायऱ्या चढताना छातीत दुखल्यास रुग्णास तेथेच बसवावे, चालवत खाली आणू नये. महाराष्ट्रात सन २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका निःशुल्क उपलब्ध आहे. फोनवर प्रवेशद्वार, वाहनतळ किंवा पायऱ्यांचा टप्पा अशी ठळक खूण सांगावी, जवळच्या सेवेकऱ्यास कळवावे आणि एकाने रस्त्यावर थांबून रुग्णवाहिकेस वाट दाखवावी.

खिशातील कागद : नाव, रक्तगट, आजार, औषधे व त्यांची मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि नातलगाचा दूरध्वनी एका कागदावर लिहून प्रत्येकाने स्वतःच्या खिशात ठेवावा. दोन-तीन दिवस पुरतील इतकी जादा औषधे हातपिशवीत घ्यावीत.

घरातील ज्येष्ठांनी निघण्याच्या आदल्या दिवशी हा मजकूर सर्वांस वाचून दाखवावा, ही नम्र विनंती. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न पार पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.