बंड्यासाठी मास्तर शोधताना

चि. अद्वैत,

तुमचा कुत्रा बंड्या वॉचमनकाकांवर धावून गेला, त्यांच्या पोटरीला ओरखडा आला, हे ताईकडून कळलं. आधी त्यांचं बघा. ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा असतो. बंड्याचं लसींचं कार्ड कितीही नीट भरलेलं असलं, तरी काकांना दवाखान्यात न्यायचंच. रेबीजच्या लशीचं तिथले डॉक्टर ठरवतात. खर्च अर्थातच तुमचा.

आता बंड्याचं. कुणी ट्रेनर त्याला पंधरा दिवस स्वतःकडे ठेवून ‘सरळ करून’ द्यायची हमी देतोय म्हणे. त्याला ॲडव्हान्स देऊ नकोस. पहिली फी जनावरांच्या डॉक्टरांची.

चार वर्षं कुणालाही अंगाखांद्यावर खेळू देणारा लॅब्रेडॉर अचानक हात लावू देईनासा होतो, तेव्हा दुखण्याचा संशय सगळ्यात आधी घ्यावा. लॅब्रेडॉरची खुब्याची हाडं आणि कान या दोन्ही जागा नेहमीच्या तक्रारींच्या. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली लिहिलं, की वागणुकीच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे पाठवलेल्या जनावरांपैकी, हात राखून अंदाज केला तरी, सुमारे एक तृतीयांश जनावरांना काही ना काही दुखत असतं. कुत्रा लंगडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असं समजू नये.

तपासणीत काही निघालं नाही, तर मग ट्रेनर. आणि इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे ट्रेनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही. गळ्यात शिट्टी अडकवली की झाला मास्तर! यातल्या बऱ्याच जणांचं तत्त्वज्ञान एकच: कुत्र्याला घरातला मालक कोण ते दाखवा. या कल्पनेचं मूळ रूडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर केलेल्या अभ्यासात आहे. तो 1947 साली प्रसिद्ध झाला. ते लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 सालच्या आपल्या पुस्तकातून ही कल्पना घरोघरी पोचवली आणि पुढे जंगलातले कळप वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999 साली स्वतःच ती दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे मालकीसाठी भांडणारी टोळी नव्हे, तर बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मेक यांनी मत बदललं. पट्ट्याला हिसके देणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

पोर्तुगालमध्ये पोर्तो शहर-परिसरातल्या शिकवणी वर्गांमधल्या 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. धाकदपटशा असलेल्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं आढळलं.

बंड्याच्या गुरगुरण्याचा ताईला राग येतो, पण ते गुरगुरणं म्हणजे घरातल्यांना मिळालेली सूचना आहे. कुत्रा सहसा एकदम चावत नाही. तो आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो, अंग ताठ करतो. यातलं काहीच कुणाला कळलं नाही, की गुरगुरतो. त्यावर फटका बसला तर तो गुरगुरायचं सोडतो. भीती मात्र तशीच राहते, आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. ‘काही कारण नसताना चावला’ असं लोक ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यातले बरेच कुत्रे असे गप्प केलेले असतात.

चांगला ट्रेनर उलट्या टोकाने सुरुवात करतो. काका दिसतील, पण बंड्या ताठ होणार नाही, एवढ्या अंतरावर उभं राहायचं. काका दिसले की उकडलेल्या चिकनचा तुकडा, दिसेनासे झाले की चिकन बंद. अंतर हळूहळू कमी करायचं. याला आठवडे लागतात, कधी महिने. आणि हे तुमच्याच लिफ्टपाशी, तुमच्याच गेटवर व्हायला हवं. दुसऱ्याच्या फार्महाऊसवर शिकलेला शहाणपणा घरी टिकेलच असं नाही.

म्हणून ट्रेनरला विचार: कुत्र्याचं बरोबर आलं तर तुम्ही काय करता? चुकलं तर काय करता? शिकवताना मला समोर बसू द्याल का? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेणाऱ्याला दारातूनच नमस्कार कर. हमी देणाऱ्यालाही.

काही कुत्र्यांना शिकवणीच्या जोडीला गोळ्याही लागतात. अमेरिकेत एकटेपणाच्या भीतीवर क्लोमिप्रामिनला 1998 मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला 2007 मध्ये कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. माणसांनाही हीच औषधं देतात, म्हणून आजोबांच्या डब्यातली गोळी त्याला चारू नका. मात्रा पशुवैद्यच ठरवतील.

तोवर जिन्यात आणि लिफ्टमध्ये बंड्याला जाळीचं मुसकं घाल. धापा टाकता येतील, पाणी पिता येईल, असंच घे. कापडी पट्टी नको. आधी घरात, मुसक्यात चिकन ठेवून सवय कर. सोसायटीतले नावं ठेवतील, असं तुझे बाबा म्हणतात म्हणे. ठेवू देत. आणि तो लांबून ताठ होतो तेव्हाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखव. मुद्दाम डिवचून मात्र नको.

तुझी,
सुमामावशी