पटाशी, फेरूल आणि कॅप

'ओरल' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण आज मी लिहिणार आहे ते खऱ्याखुऱ्या 'ओरल' विषयावर, म्हणजे तोंडातल्या दातांवर. हसू नका. होस्टेलवर पुढचा दात तुटलेला एक तरी वीर सापडतोच. कुणी क्रिकेट खेळताना तोडलेला, कुणी बाइकवरून पडून, तर कुणी बाटलीचं झाकण दाताने उघडण्याचा पराक्रम करून. मग कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले, की "कॅप बसवून टाक रे" हा फुकटचा सल्ला सगळेच देतात. ही कॅप कशाची असते, कशी टिकते आणि मुळात ती हवीच का, हे समजायला मेडिकलची पुस्तकं लागत नाहीत. मटेरियल सायन्स आणि एस.ओ.एम. पुरे.

निसर्गाचा मूळ जॉब

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. शरीरातला सर्वांत कठीण, पण ठिसूळ पदार्थ. त्याच्या आत डेंटिन, जरा मऊ आणि चिवट. इनॅमलचा यंग्ज मोड्युलस साधारण ८० गिगापास्कल, तर डेंटिनचा जेमतेम त्याच्या पाव. कठीण कवच आणि आत धक्का सोसणारा गाभा, असं हे बेमालूम डिझाइन आहे. मात्र इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून जातात. मोडलेलं हाड जुळतं, गेलेलं इनॅमल परत येत नाही. मित्रांनो, हे वाक्य अधोरेखित करा. पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

समोरच्या चपट्या दातांना आपण पटाशीचे दात म्हणतो. दाढेवर भार बहुतेक उभा येतो, पटाशीवर तिरका. म्हणजे हा दात चक्क कॅन्टिलिव्हर बीम. बेंडिंग मोमेंट सर्वांत जास्त कुठे? हिरडीपाशी, दाताच्या मानेवर. आणि कॅप बसवताना नेमकी तीच मान घासून बारीक होते.

कॅप टिकते कशी?

कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो. समोरून साधारण १ ते १.५ मिलिमीटर आणि धारेकडे २ मिलिमीटरपर्यंत. बाजू किंचित निमुळत्या ठेवतात, ड्रिल मशीनच्या मोर्स टेपरची आठवण यावी अशा. टेपर जास्त झाला की पकड गेली आणि सगळा भार सिमेंटवर आला. शिवाय हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर तरी धडका दात शिल्लक लागतो, कॅपची कड त्याला कड्यासारखी आवळून धरते. याला दंतवैद्यही 'फेरूल'च म्हणतात. वर्कशॉपमधल्या फाइलच्या किंवा सुताराच्या पटाशीच्या लाकडी मुठीवर जे धातूचं कडं असतं ना, तेच हे. कडं नसेल तर मूठ उभी चिरते, इथे दात.

यात दात किती जातो? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोरच्या दातांचं वजन घासण्याआधी आणि नंतर करून पाहिलं. पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या भागातलं ६३ ते ७२ टक्के मटेरियल गेलं. फक्त समोर चिकटवायच्या पातळ पापुद्र्यासाठी, म्हणजे व्हिनिअरसाठी, ३ ते ३० टक्के.

मटेरियलची गंमत

निखळ पोर्सेलिनची 'जॅकेट' कॅप अमेरिकेत डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड या दंतवैद्याने आणली. १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा त्याच्या मुलीचा मुलगा. ही कॅप दिसायला छान, पण फुटायची. मग १९६० च्या सुमारास धातूवर पोर्सेलिन भाजून चढवायची पद्धत रुळली. खुबी अशी, की धातूचं औष्णिक प्रसरण पोर्सेलिनपेक्षा किंचित जास्त ठेवतात. भट्टीतून काढल्यावर धातू जरा जास्त आकसतो आणि पोर्सेलिन कायम कॉम्प्रेशनमध्ये राहतं. ठिसूळ पदार्थाला कॉम्प्रेशन चालतं, टेन्शन नाही. आपल्या प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटसारखंच. तोटा एवढाच, की धातूतून प्रकाश आरपार जात नाही, आणि हिरडी मागे सरली की काळी रेघ दिसते.

हल्ली नाव ऐकू येतं ते झिर्कोनियाचं. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को यांनी त्याचं मर्म दाखवलं. तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी स्फटिकांची रचना बदलते, ते सुमारे ४ टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. ही कॅप मिलिंग करताना मुद्दाम मोठी कापतात, कारण भट्टीत ती २० टक्क्यांच्या आसपास आकसते. फाउंड्रीतला श्रिंकेज अलाउन्स आठवला? त्याहून कमी मजबूत, पण जास्त पारभासक हवं असेल तर लिथियम डायसिलिकेट. समोरच्या दाताला ते अनेकदा शोभून दिसतं.

माझ्या रूम पार्टनरची केस

प्रॅक्टिस मॅचमध्ये लेदर बॉल लागून त्याच्या वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा उडाला. एका दवाखान्यात सांगितलं, "दोन्ही दातांचं रूट कॅनाल करून दोन कॅप घालू, जोडी सारखी दिसेल." दुसऱ्या दाताला साधा ओरखडाही नव्हता! घरी त्याचे वडील सोयाबीनच्या पैशांतून रक्कम पाठवायला तयार झाले. मी म्हटलं, "अरे, चांगला दात कशाला घासायचा? आधी दुसरीकडे दाखव." तो एका शासकीय दंत महाविद्यालयात गेला. तिथल्या मॅडमनी एक्स-रे काढला, गार लावून नस जिवंत असल्याची खात्री केली आणि एकाच बैठकीत कॉम्पोझिटने कोपरा बांधून दिला. त्या म्हणाल्या, "पुढे लागलीच तर कॅप तेव्हाही बसवता येईल. आज घासलेला दात मात्र तेव्हा परत मिळणार नाही."

याचा अर्थ कॅप वाईट असा नाही. दात फारच तुटला असेल, जुन्या फिलिंगनी पोखरला असेल, तर कॅपच त्याला वाचवते. पण समोरच्या दाताचं रूट कॅनाल झालं म्हणजे कॅप आलीच, असं नसतं. दाढेचा नियम पटाशीला आपोआप लागू होत नाही.

लक्षात ठेवा

डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे विचारा : नस जिवंत आहे का? कॉम्पोझिट किंवा व्हिनिअरवर भागेल का? कॅपच हवी असेल तर किती दात घासला जाईल? दाताचा रंग घासण्याआधी, उजेडात जुळवून घ्या; दात कोरडा पडला की पांढुरका दिसतो.

तुटलेला तुकडा फेकू नका, तो पुन्हा चिकटवता येऊ शकतो. अख्खा दातच निघाला, तर मुळाला हात लावू नका. वरच्या बाजूने धरा, माती असेल तर हलकेच धुवा आणि जमल्यास लगेच खोबणीत बसवा. नाहीतर मेसमधून कपभर थंड दूध घ्या, त्यात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत डॉक्टरांकडे पळा.

फिटिंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर बजावतात, की जास्त घासलेला जॉब परत भरता येत नाही. तिथे निदान स्टोअरमधून दुसरा पीस मिळतो.