जीपच्या खाली शिरण्याआधी

आम्ही मुरुडची माणसे. आमची जमीन काळी. पाऊस झाला की शेताच्या वाटेला नुसता चिखल! अशा वाटेवर जीप उपयोगी पडते. तिची किरकोळ दुरुस्ती घरीही करता येते.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातून छोटी जीप बनवली. ती मोटारसायकलसारखी किक मारून चालू होई. खर्च आला सुमारे ६०,००० रुपये. २०२२ साली महिंद्रा कंपनीने ती जीप घेतली आणि त्यांना नवी बोलेरो दिली. अंगी हुन्नर असला की असे कौतुक होते.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवू या. गाडीत मोठा फेरबदल करायचा, तर आधी आरटीओची परवानगी हवी.

दुसरी गोष्ट जिवाची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नये. जॅक घसरतो. गाडी सपाट, टणक जागी उभी करा. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली बाभळीचे जाड ठोकळे द्या. गाडी हलवून पाहा. मगच खाली जा.

जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. मग, ठोकळे आजच करून ठेवाल ना?