परसांतील लसूण

लसूण लाविणें सोपें. परंतु गड्डा भरविणें अवघड. अमडापूरच्या काळ्या जमिनींत गड्डा पुष्कळदां लहान राहतो, किंवा त्यांत पाकळ्याच पडत नाहींत. याचीं कारणें आम्ही येथें सांगतों.

पहिलें कारण बेण्याचें. मोठ्या पाकळ्या स्वयंपाकास व बारीक पाकळ्या लागवडीस, ही काटकसर पुढील पिकावर बेतते. बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्याच लागवडीसाठीं राखाव्या. राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा ओंकार व भीमा पर्पल हे सुधारलेले वाण होत.

दुसरें वेळेचें. पाकळ्या पडण्यास थंडी लागते. म्हणून लागवड दिवाळीच्या सुमारास उरकावी. उशीर झाल्यास एकच गोळा धरतो.

तिसरें पाण्याचें. काळ्या जमिनींत पाणी सांचून गड्डा कुजतो. यास्तव वाफा उंच करून त्यांत कुजलेलें शेणखत मिसळावें. पाकळी टोंक वर ठेवून सुमारें १० सेंटिमीटर अंतरानें लावावी.

सुमारें साडेचार महिन्यांनीं पात पिवळी पडून लवते. तत्पूर्वीं दोन आठवडे पाणी तोडावें. काढणी लांबविल्यास गड्डा जमिनींतच फुटतो व पुढें टिकत नाहीं. काढलेला लसूण पातीसह सावलींत वाळवून, जुड्या बांधून टांगावा.

विद्यार्थ्यांनीं एका वाफ्यांत मोठ्या व दुसऱ्यांत बारीक पाकळ्या लावाव्या आणि काढणीनंतर दोहोंचें वजन आईवडिलांसमोर करावें.