सामान्य माणसाची तुतारी : कोपलंडची तिसरी सिंफनी

पाश्चात्त्य संगीताचा विषय निघाला की 'ते आपल्याला काय कळणार?' असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. माणच्या माळावर गजीचा ढोल ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याने सिंफनीवर लिहावे, याचेही काहींना नवल वाटेल. परंतु मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, आणि त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथील वाद्यवृंदांचे संचालक झाले. तेव्हा ही वाट महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही.

सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना. आपला गायक एकेक स्वर घेत राग फुलवतो. तिथे निरनिराळे स्वर एकाच वेळी वाजून त्यांचा मेळ साधला जातो.

आरन कोपलंड (१९००-१९९०) हा अमेरिकन रचनाकार. महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, त्याने केवळ पितळी सुषिर वाद्ये व तालवाद्ये यांसाठी 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' ही छोटी रचना लिहिली. फॅनफेअर म्हणजे तुतारीची सलामी. ती द्यायची राजाला वा सेनापतीला. कोपलंडने ती सामान्य माणसाला दिली. मार्च १९४३ मध्ये, अमेरिकेत प्राप्तिकर भरण्याच्या दिवसांत, ती सिनसिनाटी येथे प्रथम वाजली!

हीच सलामी त्याने तिसऱ्या सिंफनीच्या अखेरच्या भागात गुंफली. १८ ऑक्टोबर १९४६ रोजी सर्ज कुसेविट्स्की यांच्या संचालनाखाली बोस्टनच्या वाद्यवृंदाने ही सिंफनी प्रथम सादर केली. पहिला भाग संथ व विस्तीर्ण, दुसरा चपळ, तिसरा उंच पट्टीतील व्हायोलिनांचा, एकाकी. तेथून न थांबता चौथा सुरू होतो. सलामी आधी बासरी व क्लॅरिनेट यांवर हळूच उमटते. मग तुताऱ्या आणि नगारे ती गर्जून सांगतात. खालच्या पंचमावरून षड्जावर, तेथून वरच्या पंचमावर अशा तिच्या उड्या आहेत. स्वरांमधील या मोकळ्या अंतरांमुळेच उघड्या माळरानाचा भास होतो, असे मला वाटते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. या सिंफनीत सामान्य माणसाला मान आहे, पण वाजवणारा तो नाही. आपल्या गजीत ढोल, झांज आणि रुमाल मेंढपाळाच्याच हाती असतात. तेथे सलामी देणारा आणि घेणारा एकच. परंतु कोपलंडची रचना कागदावर आहे, म्हणून ती कुठेही पुन्हा वाजू शकते. गजीचे ठेके मात्र बुजुर्गांच्या हातांतच आहेत. मेंढरे घेऊन माणसे परमुलखात गेली की ठेकेही त्यांच्याबरोबर जातात.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते : सिंफनी अवश्य ऐका, आणि सुटीत गावी गेलात की जाणत्या ढोलकऱ्याजवळ बसून निदान एक ठेका वहीत उतरवून घ्या.